शिट्टी वाजली नाही

उंद्री,
ता. २४ ऑक्टोबर १९६७

रा. रा. नारायणराव यांसी शेषरावाचा रामराम.

इकडे समदे खुशाल. तुमची बहीण मनकर्णा बालाजीच्या यात्रेहून आली तशी तुमच्याच घरच्या गोठी सांगून राह्यली. द्वारका बी चार दिस मामा-मामीपाशी राहून आली, तिचं तोंड जरा उजळलं.

आता कामाचं. द्वारकाले स्थळ आलं हाय. पिंपळगाव राजाचे भगवंतराव, त्याईचा धाकटा पोरगा शालिग्राम. ओलिताचं वावर, भाजीपाला खामगावच्या बाजारात जाते. पोरगा मॅट्रिक झाला, अन् शेतीतच राह्यला. मले पसंत, मनकर्णाले पसंत. द्वारकाले अजून इचारलं नाई, तिले त्यातलं काय समजते.

पण एक खोट निघाली. आमच्या गावचा उत्तमराव चिखलीच्या टीमसंगं तुमच्या यात्रेतली हालीबॉलची फायनल पाहाले आलता. तो म्हंते का हाच शालिग्राम जाळीपाशी उडाला, बॉल त्याच्या बोटाले लागून मांगं बाहीर गेला, अन् हा बुवा गुपचूप उभा! आमच्या गावात आम्ही खेळतो तवा पंच नसते. ज्याच्या बोटाले लागलं तो सोताच हात वर करते. शेंबडं पोट्टं बी करते. ज्याले एवढं करता आलं नाई, त्याच्या घरी मी पोरगी कशी देऊ? आज बॉल लपवला, उद्या काय काय लपवन.

म्याचचे मोठे पंच तुम्हीच होते म्हणे. उंच स्टुलावर बसून समदं पाह्यलं असन. तवा सांगा, लागलं का नाई? तुमच्या एका शब्दावर ह्या सोयरिकीचं हो-नाई हाय. उत्तमराववर माहा भरोसा नाई, तुमच्यावर हाय. बाप म्हणून जीव टांगला हाय, लवकर कळवा.

तुमचा,
शेषराव

•

देऊळगाव राजा,
ता. २८ ऑक्टोबर १९६७

शेषरावदाजींना नारायणचा सप्रेम रामराम.

पत्र दुकानातच मिळालं. गिऱ्हाईक समोर होतं, तरी कापडाचं थान बाजूला सारून आधी वाचलं. द्वारकेचं स्थळ म्हटल्यावर मामाला धीर कुठला?

तुम्ही विचारलं ते सरळ सांगतो. लागलं का नाही, हे मला माहीत नाही.

आता रागावू नका, पुढचं वाचा. लोकांना वाटतं, पंच उंचावर बसतो म्हणजे त्याला सगळं दिसतं. अहो, कसलं काय! मी नेटच्या एका टोकाला स्टुलावर असतो. दुसऱ्या टोकाला खाली उभे आमचे पुंजाजी, ते दुसरे पंच. शिवाय कोपऱ्यांवर झेंडी घेऊन लाइनमन. बॉल डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जातो. मग मी काय करतो, तर न बोलता या सगळ्यांना विचारून घेतो. पुंजाजींना टच दिसला असेल तर ते एका हाताच्या बोटांवरून दुसरा तळवा फिरवतात, तेही छातीशी धरून, लोकांना कळू न देता. दिसलं नसेल तर हात पोटाशी सपाट. लाइनमनला दिसलं नसेल तर त्यानं दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे. मी सगळ्यांना आधीच बजावलेलं असतं, की दिसलं नाही हे दाखवण्यात लाज नाही. न दिसता झेंडी हलवणारा माणूस मी दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊ देत नाही.

त्या दिवशी असं झालं. पिंपळगावची सर्व्हिस होती आणि त्यांना जिंकायला एकच पॉइंट हवा होता. चिखलीच्या गड्यानं जोरात मारला, शालिग्राम अडवायला उडाला, बॉल त्याच्यावरून मागे बाहेर पडला. नुसता बाहेर गेला असेल तर पिंपळगाव जिंकलं. बोटाला लागून गेला असेल तर सर्व्हिस चिखलीची. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि पुंजाजींकडे पाहिलं. हात पोटाशी. त्या कोपऱ्यावरच्या लाइनमनकडे पाहिलं. हात छातीवर. माझ्यासमोर त्या वेळी चिखलीच्या गड्याचा खांदा आला होता. तिघांपैकी कुणालाच नाही दिसलं! मग मी दोन्ही अंगठे वर केले, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळा. पिंपळगाववाले आधीच जिंकलो म्हणून नाचत होते, त्यांनी बोंब मारली. चिखलीवाल्यांनी त्याहून मोठी मारली. दोघंही शिव्या देतात तेव्हा निर्णय बरोबर असतो, असा माझा अनुभव आहे. नंतर पिंपळगावची सर्व्हिस गेली आणि चिखलीनं सामना काढला.

शालिग्राम म्हणाल तर चांगला खेळतो. सामन्यात एकदाही माझ्याशी हुज्जत घातली नाही. अर्थात माझ्या सामन्यात कप्तानाशिवाय कुणी पंचाशी तोंड उघडायचं नाही, हे मी सुरुवातीलाच दोन्ही टीमना उभं करून सांगतो. शालिग्राम कप्तान नव्हता.

यापलीकडे मला दिसलेलं काही नाही. चि. द्वारकेस आशीर्वाद. मनकर्णेला सांगा, सत्यभामा तिची आठवण काढते.

आपला,
नारायण

•

उंद्री,
ता. ५ नोव्हेंबर १९६७

नारायणराव, रामराम.

दिवाळी झाली. तुमचं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मनकर्णाले वाचून दाखवलं. ती म्हणे, दादाचं हे असंच हाय लहानपणापासून, तहान लागली का इचारलं त घागरीचं माप सांगते.

माही इच्छा म्याच समजून घ्याची नव्हती. अंगठे अन् पोटावरचे हात मले काय कराचे? तुम्ही लेकीचे मामा हा. उद्या अंतरपाटामांगं तिच्या पाठीशी तुम्हालेच उभं राहा लागते. मंग मामा म्हणून सांगा, पंच म्हणून नको. पोरगा खोटा असन त खोटा म्हणा, चांगला असन त चांगला म्हणा. भगवंतरावचा निरोप आला, तुळशीचं लगन झाल्यावर त्याईले जबाब पाहिजे.

एका ओळीत लिहा. आत्ताच्या पत्रासारखं नको.

शेषराव

•

उंद्री,
ता. २६ नोव्हेंबर १९६७

नारायणराव यांसी रामराम.

तीन हप्ते वाट पाह्यली. रोज पोस्टमन घरावरून जाये अन् मी ओसरीवर बसून राहो. तुमचं पत्र नाई आलं, म्हणजे तुमचा जबाब आला असं मी समजलो.

सोयरिकीत असंच असते, मले का हे माहीत नाई? ज्याच्या तोंडातून वाईट निंघत नाई तो गप राहाते. माह्या बहिणीच्या वक्ती बी असंच झालतं. मधल्या माणसाले इचारलं, तो पंधरा दिस आलाच नाई, आम्ही समजून गेलो. तुम्ही भले माणूस, दुसऱ्याच्या पोराले खोटा म्हणनं तुमच्यानं झालं नाई. तुमचा राग नाई.

तवा ठरलं. उत्तमराव खामगावले जाणारच हाय, त्याच्या हातानं पिंपळगावले नाईचा निरोप धाडतो. भगवंतराव चांगला माणूस, त्याच्या तोंडावर सांगाची मले लाज वाटते.

मनकर्णा म्हंते घाई करू नोका. तिले मी सांगतलं, तुह्याच भावानं गप राहून सांगतलं ना. द्वारकाचं बी काही ठीक नाई, धड जेवत नाई. थंडीताप असन. काढा देऊन राह्यलो.

शेषराव

•

देऊळगाव राजा,
ता. २९ नोव्हेंबर १९६७

शेषरावदाजी,

रामराम. थांबा! उत्तमरावाला थांबवा. हे पत्र हातात पडताच पहिलं काम ते करा, बाकीचं मागाहून वाचा.

अहो, काय केलंत तुम्ही हे! मी पत्र लिहिलं नाही कारण मला लिहायला काही नव्हतं. पंच शिट्टी कधी वाजवतो? चूक दिसली तर. चूक दिसली नाही तर तो शिट्टी तोंडात धरून गप बसतो आणि खेळ चालू राहतो. गप बसणं म्हणजे चालू द्या! पंचाची परीक्षा दिली तेव्हा पहिल्या दिवशी आम्हाला हेच घोटून शिकवलं होतं. मला त्या पोरात वाईट दिसलं असतं तर मी दुसऱ्या गाडीनं उंद्रीला येऊन ओरडलो असतो. नाही दिसलं, म्हणून गप होतो. मला वाटलं तुम्ही समजलात, कामाला लागलात, आता लग्नाची तारीखच कळेल. इकडे मी दुकानात द्वारकेसाठी लुगडं वेगळं काढून ठेवलंय, अंजिरी रंगाचं. सत्यभामेला विचारा.

आणि तुम्ही तिकडे नकार देऊन बसलात. डोकं धरून बसलोय मी.

आता राहिला तुमचा मूळ प्रश्न, लागलं का नाही. दाजी, त्याचं उत्तर तेच आहे. मला दिसलं नाही. द्वारका माझी भाची आहे म्हणून मी न दिसलेलं दिसलं म्हणू का? आज "नाही लागलं" असं तुमच्या समाधानासाठी लिहिलं आणि उद्या पोरगा खरंच लबाड निघाला, तर पोरगी कुणाच्या दारात येऊन रडेल? आणि "लागलं" लिहिलं अन् पोरगा निर्मळ असला, तर? या दोन्हीची मला भीती वाटते, खरंच वाटते. रात्रंदिवस तो बॉल डोळ्यासमोर येतो. पुंजाजींना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नारायणराव, तेव्हाच पोटावर हात ठेवला होता, तो अजून तिथंच आहे.

निर्णय तुमचा. पण माझ्या गप बसण्यावर नकार देऊ नका.

नारायण

•

उंद्री,
ता. ३ डिसेंबर १९६७

नारायणराव, रामराम.

उत्तमराव निंघालाच होता, गाडीपासून वापस बोलावला. तो म्हणे काका, तुमचं काय चाललं हे? तोंड पाहासारखं झालतं त्याचं.

तुमची शिट्टी, तुमचा कायदा तुमच्यापाशी. गप राहणं म्हणजे हो, असं आमच्या इकडे कोणीच समजत नाई, तुम्ही एकटेच समजता. सत्यभामावैनीचं तुमच्यासंगं कसं निभलं कोण जाणे.

आता आयका. समोरच्या सोमवारी, म्हणजे अकरा तारखेले, उत्तमराव जाईनच. तोवर मले कोणाच्या तोंडून पक्कं पाहिजे. लागलं अन् पोरानं लपवलं असन, त नाई. लागलंच नाई, त हो. कोणालेच माहीत नसन त मी बाप हाय, संशयावर पोरगी देत नाई. तुमच्यासारखं अंगठे वर करून लगन दोनदा लावता येत नाई.

द्वारकाचा ताप उतरला, पण बोलत नाई कोणासंगं. माय तिची तिच्याजवळ निजते.

शेषराव

•

उंद्री,
ता. ४ डिसेंबर १९६७

ति. मामास द्वारकाचा साष्टांग नमस्कार. मामीस नमस्कार.

मामा, हे पत्र मी बाबाले न सांगता लिहून राह्यली. मायले सांगतलं, ती नाई बी नाई म्हणली अन् हो बी नाई. पोस्टाच्या पेटीत मीच टाकीन. रागावसान त नंतर रागवा.

तुमचे पत्र बाबा ओसरीवर मोठ्यानं वाचते, म्हणून मले समदं माहीत हाय. मले कोणी काही इचारलं नाई, पण आयकू येते.

त्या म्याचच्या दिवशी मी तिथंच होती, हे तुमच्या ध्यानात तरी हाय का? मामीनं मले अन् शेजारच्या केसरबाईले संगं नेलतं. बायांची जागा त्या कोपऱ्यात होती, झेंडीवाला लाइनमन उभा होता त्याच्या अगदी मांगं. त्याले दिसलं नाई, खरं हाय. त्याच्या डोळ्यात धुरळा गेलता, तो डोळे चोळत होता. मंग त्यानं छातीवर हात धरले. मले दिसत होतं. तवा मले सोयरिकीचं काही ठाऊक नव्हतं मामा, बालाजीच्यान सांगतो. नावही माहीत नव्हतं त्याईचं. नुसता खेळ पाहून राह्यली होती.

बॉल बाहीर पडला तसे पिंपळगावचे समदे पोरं दोन्ही हात वर करून उड्या माराले लागले, जिंकलो जिंकलो म्हणून. तुम्ही बी त्याईले नाचतांनी पाह्यलं, तसं लिहलं तुम्ही. पण त्यातला एक उडत नव्हता. बॉल अडवाले जो उडाला तोच तो, जाळीपाशी जागच्या जागी उभा होता, अन् त्याचा एकच हात वर होता. उजवा. बाकीचे त्याले धक्के देऊन राह्यले, गळ्यात पडून राह्यले, तरी त्यानं हात खाली घेतला नाई. मी केसरबाईले म्हणलं बी, मावशी, हा काऊन नाचत नाई? ती म्हणे, त्याच्या बोटाले लागलं असन, खेड्यातले पोरं असाच हात करते. इतक्या गर्दीतून वर केलेला एक हात कोणाले दिसते? समद्यायचेच हात वर होते.

तो तुमच्याकडेच पाहून राह्यला होता मामा. अन् तुम्ही पुंजाजीकाकाकडे पाहून राह्यले होते. मंग लाइनमनकडे पाह्यलं. मंग परत पुंजाजीकाकाकडे. त्याच्याकडे एकदा बी नाई. त्यानं तोंड उघडलं, पण कप्तानाकडे पाह्यलं अन् मिटून घेतलं. तुमचा कायदा होता ना. तुम्ही अंगठे वर केले तवा त्यानं हात खाली घेतला.

हे मी आधी काऊन नाई सांगतलं? बाबा पाहुण्यायसंगं बोलतांनी पोरीनं मधी बोलाचं नाई, असं आमच्या घरी हाय. तुमच्या म्याचमधी कप्तान बोलते, आमच्या इथं बाबा. दोनदा मी चुलीपाशून म्हणलं, बाबा, मले एक सांगाचं हाय. बाबा म्हणे, तुले काय समजते, काढा पे. मले ताप कधीच नव्हता मामा. जेवण जात नव्हतं.

आता एक लिहतो. मले हे स्थळ पाहिजे. बाबा पक्कं पाहिजे म्हणते, त माह्याइतकं पक्कं कोणाले माहीत हाय? हरण्यासाठी हात वर धरून उभा राह्यलेला माणूस मी माह्या डोळ्यानं पाह्यला. उत्तमकाका सोमवारी गेले त मंग कोणाले सांगू अन् काय सांगू?

मी बी इकडे कधीची हात वर करून उभी हाय मामा. तुम्ही बाबाकडे पाहून राह्यले, बाबा तुमच्याकडे. एकदा माह्याकडे पाहा.

तुमची,
द्वारका

•

देऊळगाव राजा,
ता. ७ डिसेंबर १९६७

शेषरावदाजींना रामराम.

रविवारी पहिल्या गाडीनं निघतो, चिखलीला गाडी बदलून दुपारपर्यंत उंद्रीत. सत्यभामाही येते आहे, म्हणून हे कार्ड आधी. उत्तमरावाला सोमवारी सकाळी घरी बोलावून ठेवा. निरोप काय न्यायचा ते तेव्हा ठरेल, त्याआधी त्याला गाडीत बसू देऊ नका.

तुम्हाला पक्कं सांगणारं माणूस हवं होतं ना? मिळालं आहे. माझ्यापेक्षा बॉलच्या जवळ होतं आणि त्याच्या डोळ्यात धुरळा गेला नव्हता. त्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, फक्त दोघांना विचारायचं राहिलं. एकाची माफी मी पिंपळगावला जाऊन मागणार आहे. दुसरं माणूस तुमच्याच घरात आहे.

आल्यावर मी काही बोलणार नाही आणि तुम्हीही बोलायचं नाही. मनकर्णेनं द्वारकेला ओसरीवर आणून आपल्या दोघांच्या समोर बसवायचं. तिनं जे सांगायचं ते सगळं सांगून होईपर्यंत आपण दोघांनी तिच्याकडेच पाहायचं, एकमेकाकडे नाही. माही मान वळली त मले तिथल्या तिथं टोका, दाजी.

अंजिरी लुगडं सोबत आणतो.

नारायण